मिनी पोकलेनचा स्विंग बिघडलाय? मोटर खोलायच्या आधी या चुका टाळा

मे संपत आला की माझ्या फोनला उसंत नसते. कलमांचे खड्डे, घरांचे पाये, बांध, गटारं, सगळ्यांना सगळं मिरगाच्या आत पाहिजे असतं आणि मशीनं नेमकी तेव्हाच रुसतात. परवाचाच फोन, आचऱ्याच्या बाजूचा एक ऑपरेटर, “दादानू, मशीन उजवीकडे फिरणा नाय. डावीकडे बरा फिरता. मोटर गेली आसतली, खोलतंय आता.”

म्हटलं थांब बाबा, पाना खाली ठेव आधी.

कारण हीच चूक मी स्वतः करून बसलोय. बरीच वर्षं झाली, सेम कंप्लेंट होती, एका बाजूला फिरतंय दुसऱ्या बाजूला नाही, आणि मी तेव्हा नवीन, जोश भारी, स्विंग मोटर उतरवली, गोणपाटात गुंडाळली आणि फोंडा घाट चढून कोल्हापूरला टेस्ट बेंचवर घेऊन गेलो. तिथल्या माणसाने चालवून बघितली आणि म्हणाला मोटर ठणठणीत आहे, कशाला आणली. परत आलो, बसवली, तरी तेच. शेवटी दोष निघाला कुठे तर जॉयस्टिकच्या रबराला चीर पडली होती, त्यातून पावसाचं पाणी आत जाऊन एका बाजूचा पुशर (जॉयस्टिकखालचा दाबला जाणारा खिळा) गंजून अडकला होता. सीटवर बसून हाताने दाबून बघितलं असतं तरी कळलं असतं. घाटाचं डिझेल, चार दिवसांचं भाडं, शेटची बोलणी, सगळं त्या एका चिरीपायी.

तर स्विंगची कंप्लेंट आली की आपली माणसं सगळ्यात पहिलं मोटरवर खापर फोडतात, आणि माझ्या अनुभवात मोटर बहुतेक वेळा निर्दोष असते. इथे मी वरच्या घराचा, म्हणजे केबिनसकट जे गोल फिरतं त्या स्विंगचा विषय बोलतोय. मिनीला पुढचा बूम डावी-उजवीकडे वळवायला वेगळा सिलिंडर असतो त्यालाही लोक स्विंगच म्हणतात, फोनवर अर्धा वेळ यातच जातो, म्हणून आधी विचारून घ्या की नक्की काय फिरत नाहीये.

तेलाची वाट डोक्यात नसताना पाना उचलणे

पंपातून तेल निघतं, कंट्रोल व्हॉल्व्हमधल्या स्विंगच्या स्पूलमधून (सरकून तेलाची वाट उघडणारा दांडा) जातं, दोन जाड होज पाइपांनी स्विंग मोटरला पोचतं. मोटर खालच्या रिडक्शन गिअरबॉक्सला फिरवते, त्याच्या टोकाला पिनियन, आणि ते पिनियन टर्नटेबलच्या बेअरिंगच्या आतल्या दात्यांवर चालतं. मोटरच्या अंगावरच दोन रिलीफ व्हॉल्व्ह असतात, एक डावीकडचा एक उजवीकडचा, घर एकदम थांबवलं की त्याच्या वजनाचा धक्का तेच झेलतात. सोबत मेकअपचे, म्हणजे मोटरला कमी पडलेलं तेल भरून देणारे, चेक व्हॉल्व्ह, आणि बहुतेक मशीनला मोटरच्या आत एक ब्रेक, स्प्रिंगने दाबलेला आणि पायलटच्या तेलाने सुटणारा. जॉयस्टिकमधून जातं ते पायलटचं तेल, ते कमी प्रेशरचं, साधारण ३० ते ४० बार, त्याचं काम फक्त स्पूल सरकवायचं आणि ब्रेक सोडायचं.

एवढी वाट पाठ झाली की निम्मं काम झालं.

आणि यात कुठेही सेंटर जॉइंट, म्हणजे वरच्या घरातून खाली चेनकडे तेल नेणारा फिरता जोड, आला नाही हे लक्षात घ्या. मोटर वरच्या घरावर, पंप वरच्या घरावर, व्हॉल्व्ह पण वरच, मग तेल खाली उतरायचा प्रश्नच येत नाही. सेंटर जॉइंटमधून फक्त चेनच्या मोटरचं आणि ब्लेडचं (माती लोटायची पुढची फळी) तेल खाली जातं. तरी दरवर्षी कोणीतरी स्विंग स्लो आहे म्हणून सेंटर जॉइंटचं सील किट बदलून बसलेला भेटतोच, दोन दिवस मशीनखाली झोपून. सेंटर जॉइंट गेला तर मशीन चालायला कुरकुर करेल, एका बाजूची चेन ओढणार नाही, ब्लेड खाली बसेल, स्विंगला काही होणार नाही.

साधं सोडून अवघडाला हात घालणे

हसू नका, पण मी दोन वेळा गाडीला किक मारून पंचवीस-तीस किलोमीटर गेलोय आणि जाऊन फक्त लॉक पिन काढलीय. मशीन टेम्पोवरून आणताना घर फिरू नये म्हणून पिन घालतात, उतरवल्यावर ड्रायव्हर वेगळा ऑपरेटर वेगळा, पिन तशीच राहते. तसंच लिव्हर मारत राहिलात तर मोटर स्टॉल होऊन, म्हणजे जागीच अडून, रिलीफमधून तेल जात राहतं, तापतं, आणि पिन वाकली तर ती काढायला ग्रायंडर लागतो.

पिननंतर तेलाची लेव्हल. बकेट, आर्म, बूम मॅन्युअलमधे दाखवलेल्या पोझिशनला ठेवून बघायची, नाहीतर सिलिंडरमधे किती तेल आहे त्याप्रमाणे काचेतली लेव्हल खोटं बोलते. मग सेफ्टी लिव्हर, त्याचा स्विच, फ्यूज. सेफ्टी लिव्हरचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) उघडला नाही तर फक्त स्विंग नाही, बूम-आर्म पण मरतात, म्हणजे स्विंग बघायच्या आधी बाकी सगळं चालतंय का ते बघा. सगळंच स्लो असेल तर तो स्विंगचा आजार नाही, पायलटचा फिल्टर, पायलटचं प्रेशर, मेन पंप नाहीतर इंजिनचा दम, हे बघायचं.

इथे एक चांगली खूण आहे. बऱ्याच मिनी मशीनना तीन पंप असतात, दोन पिस्टनचे आणि तिसरा साधा गिअर पंप, आणि स्विंग नि ब्लेड त्या तिसऱ्या पंपावर चालतात. तेव्हा ब्लेड वरखाली करून बघा. ब्लेड पण रेंगाळतंय आणि स्विंग पण दोन्ही बाजूंना रेंगाळतोय तर मोटरकडे बघूच नका, गिअर पंप किंवा त्याचा रिलीफ धरा. ब्लेड झोकात चालतंय आणि फक्त स्विंग आजारी, तर मग दोष स्विंगच्या स्पूलपासून पुढे. तुमच्या मशीनला एकच मोठा पंप असेल तर हा हिशोब लागू होत नाही, म्हणून आधी सर्किट बघा.

आणि उतार! कोकणात सपाट जागा म्हणजे लग्नाच्या मांडवाएवढी, तीही दुसऱ्याची. मशीन उतारावर तिरकं उभं, बकेटमधे ओला जांभ्याचा गाळ भरून, आर्म पूर्ण लांब, आणि वरच्या अंगाला फिरवायचं म्हटलं तर कुठलीही मिनी कण्हणारच. तो बिघाड नाही. टेस्ट करायची तर मशीन सड्यावर न्या, कातळावर सपाट उभी करा, बकेट रिकामी, आर्म आत ओढलेला, मगच स्लो आहे की नाही ते बोला.

नुसत्या अंदाजाने “स्लो आहे” म्हणणे

मोबाइलमधे स्टॉपवॉच आहे ना, मग वापरा. मिनीचा स्विंग साधारण मिनिटाला ८ ते १० फेरे एवढा असतो, नक्की आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात मिळेल. फुल रेसवर एक फेरा वेग यायला सोडून द्या आणि पुढचे ३ फेरे मोजा, १८ ते २३ सेकंदांच्या आसपास यायला हवेत. डावीकडे मोजा, उजवीकडे मोजा, सकाळी थंड असताना आणि दुपारी तेल तापल्यावर. चार आकडे वहीत लिहा.

हे चार आकडे माझ्यासाठी एक्स-रे आहेत. दोन्हीकडे सारखं आणि तापल्यावर वाढलेलं असेल तर तेल कुठेतरी आतल्या आत गळतंय, कारण तापलेलं तेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून जास्त पळतं. थंड असताना जड आणि तापल्यावर बरं, तर तेलाचा ग्रेड जाड पडलाय किंवा ब्रेक नीट सुटत नाहीये. एकाच बाजूला फरक, तर एकाच बाजूच्या पार्टमधे शोधा, जे दोन्ही बाजूंना कॉमन आहे म्हणजे पंप, गिअरबॉक्स, बेअरिंग, ते सगळं एका झटक्यात बाद.

ऑपरेटरला विचाराल तर तो “कायम स्लोच आसा” म्हणेल, त्याच्या बोलण्यावर जाऊ नका, त्याचा राग मशीनवर नसतो, शेटवर असतो.

गेज न लावणे

ही सगळ्यात महागाची चूक आहे म्हणून इथे जरा थांबतो.

४०० बारचं एक गेज, टेस्ट होज आणि दोन-तीन ॲडॉप्टर, एवढा सेट एका मोटरच्या सील किटच्या वादात जेवढे पैसे जातात तेवढ्यात येतो, पण आपल्याकडे दहातल्या आठ मिस्त्र्यांच्या पेटीत तो नसतो. अंगठा लावून प्रेशर सांगणारे महाभाग मी बघितलेत. असं करू नका, खरंच. होजच्या बारीक भोकातून निघालेलं तेल कातडीत घुसतं, वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि आतून मांस सडायला लागतं, ताबडतोब ऑपरेशन करावं लागतं. लीक शोधायचा तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, हात नाही. आणि कुठलाही नट सैल करायच्या आधी बकेट जमिनीला टेकवा, इंजिन बंद, चावी ऑन करून सगळे लिव्हर चारही बाजूंना हलवा, टाकीचं झाकण सैल करून आतली हवा सोडा.

गेज लावल्यावर बघायचं काय, तर स्विंग चालू असताना प्रेशर किती आणि स्टॉलला प्रेशर किती. स्टॉल म्हणजे बकेट चराच्या भिंतीला अडवून स्विंग मारायचा, चार-पाच सेकंदांच्या वर नाही, आणि बाजूला माणूस नको. स्विंगचा रिलीफ बहुतेक मिनीत दीडशे ते सव्वादोनशे बारच्या मधे कुठेतरी सेट असतो, तुमचा आकडा पुस्तकातून घ्या.

आता यातला गाभा. फिरायला जड जातंय आणि गेजवर प्रेशर चढलेलं दिसतंय, तर तेल आपलं काम करतंय, मोटरला कोणीतरी मागून धरून ठेवलंय. ते कोण, तर न सुटलेला ब्रेक, कोरडं पडलेलं बेअरिंग, गिअरबॉक्समधे तुटलेला दात. याउलट फिरायला जड आणि प्रेशर चढतच नाहीये, तर तेल मधेच कुठेतरी सटकतंय, रिलीफमधून, चेक व्हॉल्व्हमधून, मोटरच्या आतून किंवा स्पूल पूर्ण उघडत नाही म्हणून पुढे जातच नाहीये. आणि तिसरी गंमत, स्टॉलला प्रेशर बरोब्बर पण रिकामं फिरताना हळू, आणि तेव्हा प्रेशर कमी, तर ताकद आहे पण तेलाचा पुरवठा कमी पडतोय, मग पंपाकडे आणि सक्शनच्या गाळणीकडे जा.

या एका गेजवर मेकॅनिकल की हायड्रोलिक याचा निकाल लागतो, आणि लोक नेमकं तेच न करता थेट मोटर खोलून ताडपत्रीवर मांडतात.

एकाच बाजूचा दोष: अदलाबदल न करता नवीन पार्ट मागवणे

आचऱ्याच्या पोराला मी हेच सांगितलं. उजवीकडे जात नाही ना, मग आधी जॉयस्टिकचा रबर वर कर आणि खालचे चारही पुशर बोटाने दाबून बघ, सगळे सारखे खालीवर होतात का. झाले तर पुढे.

पुढे म्हणजे कंट्रोल व्हॉल्व्हवर स्विंगच्या स्पूलच्या दोन टोकांना पायलटचे दोन बारीक होज येतात, ते एकमेकांत बदल. आता लिव्हर उजवीकडे मारलास तर घर डावीकडे जाईल, उलटं, हे कोणी जवळ असेल त्याला ओरडून सांग नाहीतर कोणाचं तरी डोकं फुटेल. आता बघ. लिव्हर उजवीकडे मारल्यावर घर डावीकडे जायला हवं ते जात नाही, म्हणजे दोष लिव्हरबरोबर राहिला, तो पायलटच्या बाजूला आहे, जॉयस्टिक किंवा तो होज. आणि लिव्हर डावीकडे मारून घर उजवीकडे जायला हवं तेच अडतंय, म्हणजे दोष घराबरोबर राहिला, मग स्पूल किंवा मोटरवरचे व्हॉल्व्ह. होज लगेच परत जागेवर लाव, उद्यावर ठेवू नकोस, रात्री विसरतोस.

मोटरच्या बाजूचा निघाला तर दुसरी अदलाबदल. मोटरवरचे दोन्ही रिलीफ एकसारखेच असतात, एकाला नेलपॉलिशचा ठिपका लावायचा (घरी विचारून घ्या), दोघांची जागा बदलायची. दोष उजवीकडून डावीकडे गेला तर रिलीफ खराब, मोटर नाही. तसाच मेकअपचा चेक व्हॉल्व्ह, काढला की सीटवर बघा, पुष्कळदा ओ-रिंगचा एक तुकडा किंवा बारीक कचरा तिथे अडकून बसलेला असतो. एवढ्या कचऱ्यासाठी लोकांनी नवीन मोटरचे कोटेशन मागवलेले मी बघितलेत.

त्या पोराचा तासाभराने फोन आला, रिलीफ बदलल्यावर दोष डावीकडे गेला म्हणून. एक रिलीफ मागवला, काम झालं. “मोटर खोललंय नाय ता बरा झाला,” म्हणाला. हो, बरंच झालं.

यात अजून एक टेस्ट आहे, कंट्रोल व्हॉल्व्हवर स्विंगचे दोन्ही मोठे होज काढून तिथे हाय प्रेशरचे प्लग मारायचे आणि स्विंगचा लिव्हर जरासा दाबून प्रेशर बघायचं. चढलं तर पंप-स्पूल चांगले, दोष मोटरकडे, नाही चढलं तर दोष मागे. पण प्लग बरोबर रेटिंगचेच हवेत, लेथवर कोणाकडून तरी करून आणलेला नटबोल्ट मारून हा प्रयोग करू नका.

रिलीफचा स्क्रू आवळणे

स्विंगला दम नाही, चल स्क्रू अर्धा फेरा आवळ. मग दम येतो, शेट खूश, मिस्त्री पैसे घेऊन पसार, आणि दोन महिन्यांनी पिनियनचा दात तुटतो किंवा होज फाटतो. रिलीफ आपणहून सैल होत नाही हो सहसा, त्याचा स्प्रिंग थकलेला असतो किंवा सीट खराब झालेली असते किंवा गळती भलतीकडेच असते आणि तुम्ही ती जास्त प्रेशरने झाकता. गेज लावल्याशिवाय त्या स्क्रूला हात नाही. आणि आवळलाच असेल कोणी तर आधी पुस्तकातल्या आकड्यावर परत आणा, मगच पुढचं निदान करा, नाहीतर तुम्ही दोन आजार एकत्र बघताय.

ब्रेकला विसरणे

ब्रेकचं दुखणं दोन तऱ्हेचं. सुटत नाही किंवा धरत नाही.

सुटत नसेल तर दोन्ही बाजूंना जड, गेजवर प्रेशर चढलेलं, आणि अर्धा तास काम केलं की मोटरच्या खालचा भाग हात न लावण्याइतका तापतो, कधी जळकट वासही येतो. इथे ६० बारचं छोटं गेज ब्रेकच्या पोर्टला लावा. काही मशीनमधे सेफ्टी लिव्हर खाली केला की ब्रेक सुटतो, काहींत स्विंगचा लिव्हर हलवल्यावरच, शटल व्हॉल्व्हमधून तेल येऊन. प्रेशर पोचत असेल तर ब्रेकच्या प्लेटा-पिस्टन बघा, पोचत नसेल तर होज, शटल, सोलेनॉइड. एकदा देवगडच्या बाजूला एका मशीनचा ब्रेकचा होज ब्रॅकेटमधे चेपला होता, कोणीतरी बॅटरी बदलताना ब्रॅकेट वाकडं आवळलेलं, बस एवढंच.

धरत नसेल तर उतारावर मशीन उभं केलं की घर आपणहून हळूहळू खालच्या अंगाला वळतं. लिव्हर सोडल्यावर जरा पुढे जाऊन थांबणं वेगळं आणि थांबल्यावर सरकत राहणं वेगळं. पहिलं रिलीफ ढिला असल्याचं लक्षण असू शकतं, दुसरं ब्रेक झिजल्याचं. ब्रेक सोडलेल्या अवस्थेत, लिव्हर मधोमध असताना, घराला अडवून धरतं ते मोटरमधे कोंडलेलं तेल, आणि मोटर आतून झिजली असेल तर तिथूनही सरकतं. ब्रेक लागलेला असताना सुद्धा सरकत असेल तर ब्रेकच बघा. आमच्याकडे रस्ते अरुंद, एका बाजूला दरड एका बाजूला वहाळ, घर आपणहून सरकणारं मशीन असल्या जागी चालवायचं नाही, मग हातातलं काम अर्धवट राहिलं तरी चालेल.

केस ड्रेन न मोजता मोटरला दोषी ठरवणे

वरचं सगळं करून बोट मोटरकडेच वळलं तरी खोलायचं नाही अजून. मोटरच्या आतून झिरपलेलं तेल टाकीला परत नेणारा एक वेगळा बारीक पाइप असतो, केस ड्रेन. तो टाकीच्या बाजूने काढा, टाकीचं तोंड बंद करा, पाइपचं टोक डब्यात सोडा (डबा वरच्या घरावरच ठेवा, जमिनीवर ठेवून स्विंग मारणारा एक भेटला होता, पुढचं सांगायला नको). थोडा वेळ स्टॉल करा आणि किती तेल येतं ते मोजून पुस्तकातल्या लिमिटशी जुळवा. पातळ धार ठीक आहे. नळ सोडल्यासारखं येत असेल तर मोटर झिजलीय, आता खुशाल कोल्हापूर गाठा.

मोटरच्या बाजूचा हा पाइप प्लग करून मशीन कधीही चालवू नका. हा पाइप चोंदला किंवा चुकून बंद राहिला तर आत प्रेशर साठतं आणि शाफ्टचं सील बाहेर येतं, मग हायड्रोलिक तेल गिअरबॉक्समधे शिरतं. म्हणूनच गिअरबॉक्सची तेल मोजायची दांडी काढून बघायची सवय लावा. लेव्हल वाढलेली आणि तेल पातळ, तर मोटरचं सील गेलंय. लेव्हल कमी होत चाललीय आणि बाहेर थेंब नाही, तर खालच्या पिनियनच्या सीलमधून तेल ग्रीसच्या कुंडीत (पिनियन नि टर्नटेबलचे दाते जिथे ग्रीसमधे चालतात ती जागा) उतरतंय.

“ठक्” आवाजाला हायड्रोलिक समजणे

स्विंग सुरू करताना किंवा थांबवताना ठक् असा आवाज आणि धक्का, ही बहुतेक वेळा तेलाची गोष्टच नसते. बकेट जमिनीपासून थोडी वर ठेवून दोघांनी दोन बाजूंनी ढकलून बघा, घर कितपत सैल हलतं. टर्नटेबलच्या बोल्टवर हातोडी मारून आवाज ऐका, सैल बोल्टचा आवाज बद्द येतो. बोल्ट सैल असेल तर नुसता आवळून भागत नाही, टॉर्क रेंच लागतो, आणि ताणलेला बोल्ट बदलावाच लागतो.

हे होतं कशाने, तर बकेटने झाडू मारल्याने. माती पसरवायची, दगड बाजूला सारायचा तर बकेटची कड टेकवून स्विंग मारायचा, सगळे ऑपरेटर करतात, दिसायला झकास, आणि त्याचा सगळा मार पिनियनवर, बेअरिंगवर आणि त्या दोन रिलीफवर. काळा दगड बकेटच्या कडेने ढकलणाऱ्याला मी मशीन भाड्याने देत नाही.

पाऊस आणि खारी हवा विसरून बाहेरच्या पुस्तकाप्रमाणे सर्व्हिस करणे

आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि किनाऱ्यालगतच्या साइटला वर्षभर खारं वारं. पुस्तकातले ग्रीसिंगचे तास कोरड्या जागेसाठी धरा, पावसात त्याच्या निम्म्यावर या. टर्नटेबलला ग्रीस मारताना एकाच जागी पंप मारत बसू नका, थोडं मारा, घर पाव फेरा फिरवा, इंजिन बंद करा, परत मारा, असं चारही बाजूंना. आणि मधल्या ग्रीसच्या कुंडीचं झाकण पावसाळ्यानंतर एकदा तरी उघडा, आत बऱ्याचदा ग्रीस नसतं, ताक असतं. पाण्याने पांढरं झालेलं ते सगळं खरवडून काढायचं, वरून नवीन ओतून उपयोग नाही.

हायड्रोलिक तेल दुधाळ दिसत असेल तर घाई नको. काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी स्वच्छ झालं तर ती हवा होती, सक्शनच्या पाइपाला किंवा क्लॅम्पला कुठेतरी हवा ओढली जातेय, आणि स्विंग धक्के खात असेल तर त्याचं कारण हेच असू शकतं. तळाला पाणी बसलं किंवा दुधाळच राहिलं तर पाणी शिरलंय. पाणी येतं ते टाकीच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या तोंडातून, आणि कारवॉशचा प्रेशर पंप ब्रीदरवर, जॉयस्टिकवर मारणाऱ्यांच्या कृपेने. पावसात ब्रीदरवर प्लॅस्टिक बांधून ठेवणारेही आहेत, तेही चूक, टाकीने श्वास घ्यायचा कुठून, गाळणी चोंदल्यासारखं होऊन पंप ओरडायला लागतो.

सोलेनॉइडचे कनेक्टर काढून बघत जा. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या मशीनला पिनांवर हिरवा गंज धरतो, मल्टिमीटरला व्होल्ट दाखवतो आणि लोड आला की मरतो. साफ करून कनेक्टरचं खास ग्रीस लावा, चेनचं ग्रीस कोंबू नका.

लाल मातीत मोटर उघडणे

आणि शेवटी मोटर उतरवायचीच ठरली तर चिरेखाणीत, वाऱ्यात, पावसात ती उघडायची नाही. उतरवायच्या आधी सगळं धुवा, होज काढला की लगेच प्लग, प्लग नसेल तर स्वच्छ प्लॅस्टिक, चिंधी कोंबू नका, चिंधीचे धागे स्पूलमधे सापडतात. जांभ्याची धूळ पिठासारखी असते, डोळ्याला दिसत नाही आणि आतल्या पॉलिश केलेल्या प्लेटवर ओरखडे काढते. साइटवर फक्त उतरवायची आणि चढवायची, उघडायची ती टेबलावर.

परत बसवताना बहुतेक जण जे विसरतात ते म्हणजे केसमधे तेल भरणं. केस ड्रेनच्या भोकातून वरपर्यंत स्वच्छ हायड्रोलिक तेल भरा, मग पाइप लावा. कोरडी मोटर चालू केली तर पहिल्या मिनिटातच ती खराब होते, आणि मग रिपेअर करणाऱ्याला शिव्या बसतात. इंजिन आयडलवर, घर हळूहळू दोन फेरे डावीकडे दोन उजवीकडे, हवा निघेपर्यंत धक्के बसतील, रेस वाढवू नका. तेलाची लेव्हल परत बघा, कमी झालेली असते. आतून धातूचा चुरा निघाला असेल तर रिटर्न फिल्टर तेव्हाच बदला आणि दोन-तीन दिवस काम झाल्यावर परत एकदा कापून बघा, घडीत चमचमतंय का. गिअरबॉक्सची दांडीही त्याच दिवशी काढून बघा, आणि स्टॉपवॉच लावून ते ३ फेरे परत मोजून वहीत जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहून ठेवा.